पुण्याहून समुद्राकडे : आठ दिवसांची आंखणी

पुण्यांतील पुष्कळ घरांवर वर्षांतून एकदां तरी एक गोड संकट येतें. नागपूर, इंदूर वा बडोद्याहून, आणि अलीकडे लंडन-शिकागोहूनहि, आप्तेष्ट यावयाचे असतात. त्यांची रजा मोजून आठ दिवसांची असते. आणि त्यांचा निरोप आधींच येऊन ठेपतो, कीं पुणें पाहावयाचें, रायगड पाहावयाचा आणि आईला एकदां हरिहरेश्वराचें दर्शन घडवावयाचें. आईचें वय पंचाहत्तरीच्या पुढें गेलेलें असतें. हरिहरेश्वर हें पुष्कळ घराण्यांचें कुलदैवत. लग्न होऊन घरांत आल्यापासून ज्या देवाचें नांव तिनें रोज घेतलें, तो तिनें अद्याप पाहिलेला नसतो. पुढच्या वर्षीं गुडघे साथ देतील कीं नाहीं याची शाश्वति नसते. अशा वेळीं सहलीची आंखणी हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाहीं.

शहर, डोंगर आणि समुद्र या तिन्ही गोष्टी पुण्यापासून एका दिवसाच्या टप्प्यांत आहेत, हें खरें. परंतु जें जवळ आहे तें सोपें असतेंच असें नाहीं. पुण्याहून श्रीवर्धन दीडशें-पावणेदोनशें किलोमीटर. सपाट मुलखांतील रस्त्यांची संवय असलेला पाहुणा मनांतल्या मनांत तीन तासांचा हिशेब मांडतो आणि दुपारचें जेवण समुद्रकांठीं होईल असें सर्वांना सांगून टाकतो. प्रत्यक्षांत पांच ते सहा तास लागतात, मध्यें एकदां तरी कोणाला तरी गाडी लागते, आणि जेवण घाटाच्या पायथ्याशीं एखाद्या टपरीवर वड्यांनींच साजरें होतें.

या हिशेबांत चूक कोठें होते, तें सह्याद्रीची ठेवण लक्षांत घेतली म्हणजे समजतें. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. तेथून पश्चिमेस मावळांतून जमीन हळूहळू चढत जाते. चढ आहे असें प्रवाशाला फारसें जाणवतहि नाहीं. मग माथा येतो आणि जमीन एकाएकीं तुटते. देशावरून पाहिल्यास सह्याद्रि हा एक उंचवटा आहे. कोंकणांतून पाहिल्यास ती एक भिंत आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर बसून हें पठार झालें. त्याची पूर्वेकडील बाजू उतरती राहिली आणि पश्चिमेकडील बाजू कड्यासारखी कापली गेली. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि आपलें बहुतेक पाणी तेथेंच टाकून देतात. म्हणून महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्याच्या वांट्यास जेमतेम सातशें मिलिमीटर येतो. या भिंतीला जेथें जेथें खांच सांपडली तेथें तेथें घाट झाला. बोरघाट, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी ही नांवें आज मोटारींच्या रस्त्यांचीं असलीं, तरी कोंकणांतून देशावर जाणारें मीठ आणि देशावरून खालीं उतरणारें धान्य अशाच खिंडींतून बैलांच्या पाठीवर चढ-उतर करीत असे.

या ठेवणीवरूनच सहलीचा हंगाम ठरतो. जून ते सप्टेंबरपर्यंत घाटांत दरडी कोसळतात; वरंध घाट तर पावसाळ्यांत अनेकदां बंदच ठेवला जातो. समुद्रांतील होड्याहि त्या काळांत बंद असतात. मार्चनंतर कोंकणांतील दमट उकाडा देशावरच्या माणसाला सोसत नाहीं. राहतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. त्यांतूनहि दिवाळीचा आणि नाताळचा आठवडा वगळावा, कारण त्या दिवसांत निम्मी पुण्यामुंबई किनाऱ्यावर लोटलेली असते. धबधब्यांसाठीं पावसाळ्यांत ताम्हिणी पाहणें ही निराळी हौस आहे. ती तरुणांनीं एका दिवसांत पुरवून घ्यावी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन करावयाची ती सहल नव्हे.

हंगाम ठरला म्हणजे तारीख ठरवावयाची. आणि येथें बहुतेक लोक कचेरींतील सुट्यांची यादी पाहतात. पाहावयाला पाहिजे तें पंचांग. कारण हरिहरेश्वरचें देऊळ जरी केव्हांहि पाहतां आलें, तरी तेथील प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या मर्जीवर आहे. देवळामागून चढून गेलें म्हणजे दोन कड्यांमधील खांचेंतून पायऱ्या थेट लाटांच्या पातळीवर उतरतात. खालीं खडकाचा एक सपाट कट्टा डोंगराला वळसा घालून गेलेला आहे. खाऱ्या पाण्यानें आणि वाऱ्यानें त्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ओहोटीच्या वेळीं हा कट्टा उघडा असतो आणि त्यावरून चालत पलीकडच्या किनाऱ्यावर येतां येतें. भरतीच्या वेळीं तोच पाण्याखालीं जातो, आणि एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस लाटा अशा अवस्थेंत माणूस सांपडतो. तेथें लाटेनें माणसें ओढून नेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. तेव्हां "जाऊन पाहूं, जमलें तर करूं" हें धोरण तेथें उपयोगाचें नाहीं.

भरती-ओहोटीची वेळ काढण्याची एक रीत कोंकणांतील कोळी आणि खलाशी पूर्वींपासून वापरीत आले आहेत. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहांटे तीनच्या सुमारास एक भरती आणि दुपारीं तीनच्या सुमारास दुसरी. अष्टमीस सहा वाजतां. एकादशीस सव्वाआठ. दोन भरत्यांच्या मधोमध, म्हणजे सुमारें सव्वासहा तासांनीं, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो कीं कृष्ण पक्ष, हिशेब तोच. फक्त दोन्हीं पक्षांत प्रतिपदेपासून नव्यानें मोजावयाचें.

यांत जादू कांहीं नाहीं. भरती चंद्राच्या ओढीनें येते, आणि चंद्र आदल्या दिवशीं जेथें होता तेथें परत यावयास रोज सुमारें पन्नास मिनिटें उशीर करतो. म्हणून भरतीहि रोज तितकीच मागें पडते. तोंडी हिशेबाला सोयीचें म्हणून कोळ्यांनीं पन्नासाचीं पंचेचाळीस मिनिटें केलीं. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते, म्हणून त्या दिवसांतील भरती फार चढते आणि ओहोटीहि फार खालीं जाते. अष्टमीच्या आसपास दोन्हींचा जोर ओसरलेला असतो. ही रीत मुंबई आणि उत्तर कोंकणच्या किनाऱ्याला लागू पडते, कारण येथें अमावास्येची भरती दुपारीं बाराच्या सुमारास येते. दुसऱ्या समुद्रावर ही वेळ निराळी, म्हणून तेथें हा गुणाकार चुकेल. येथेंहि अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडूं शकतो. गणितावरून दिवस निवडावा. पण पायरी उतरण्यापूर्वीं वेळ छापील कोष्टकांत पाहावी आणि देवळापाशींच्या माणसांना विचारावी.

आतां हा हिशेब उलटा लावून पाहावा. प्रदक्षिणा करावयाची ती सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं आणि पाणी उतरत असतांना. चढत असतांना कधींहि नव्हे. पंचमीस पहांटे पावणेचारला भरती, म्हणून दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या दिवशीं साडेआठला पायऱ्या उतरलेला माणूस पाणी परत फिरण्यापूर्वीं निवांत वर येतो. म्हणजे हरिहरेश्वरची सकाळ चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठीची असावी. आठ दिवसांच्या आंखणींत ती सकाळ पांचव्या दिवशीं येते. तेव्हां पाहुण्यांनीं पुण्यांत पाऊल टाकावें तें अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत हा दिवस शोधावयास दोन मिनिटें पुरतात.

पहिले दोन दिवस शहराचे. शनिवारवाड्यापासून आरंभ करावा, परंतु तेथें काय पाहावयाचें तें आधीं सांगून ठेवावें. नाहींतर दिल्ली दरवाज्याच्या भव्यपणानें उंचावलेली अपेक्षा आंतील मोकळ्या पटांगणांत आल्यावर खालीं येते. थोरल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं या वाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनीं वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगींत आंतील सारें लांकूडकाम जळून गेलें. उरले ते तट, दरवाजे आणि जोतीं. पेशवाईचा वाडा आंतून कसा असे याची कल्पना विश्रामबागवाड्याच्या लांकडी नक्षीवरून आणि राजा केळकर संग्रहालयांतील दारें, दिवे, अडकित्ते यांच्यावरून अधिक येते. कसबा गणपति, लाल महाल, तुळशीबाग आणि मंडई हीं सर्व एकमेकांपासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेटपर्यंत धांवूं लागली. त्यामुळें मोटार घरीं ठेवून जुन्या शहरांत उतरतां येतें, आणि गाडी कोठें लावावी या विवंचनेंत सकाळ फुकट जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचें लेणें आणि येरवड्याजवळचा आगाखान राजवाडा पाहावा. या राजवाड्यांत गांधीजी १९४२ ते १९४४ पर्यंत स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांनीं २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं येथेंच देह ठेवला. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आहेत. आईच्या गुडघ्यांची परीक्षा पुढें व्हावयाचीच आहे. ती येथें उरकून घेण्याचें कारण नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं लवकर पौडच्या रस्त्यानें ताम्हिणीकडे निघावें. पेट्रोल शहरांतच भरून घ्यावें, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनावर बसवावें, आणि न्याहारी हलकी ठेवावी. मिसळ हा घाटापूर्वींचा आहार नव्हे. वाटेंत मुळशीचें धरण लागतें. पाहुणे त्याचीं छायाचित्रें घेतात आणि पुढें जातात. पण तेथें दहा मिनिटें थांबून दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. हें धरण होऊं नये, आपलीं शेतें बुडूं नयेत म्हणून १९२१ मध्यें मावळ्यांनीं सत्याग्रह केला; सेनापति बापट यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें. दुसरी गोष्ट पाण्याची. मुळा नदी पूर्वेस वाहते. तिचें पाणी भीमा-कृष्णेंतून बंगालच्या उपसागराला मिळावयाचें. धरणानें अडवलेलें पाणी मात्र सह्याद्रि फोडून पश्चिमेस भिरा येथें खालीं सोडलें आहे, तें वीज करून कोंकणांतून अरबी समुद्रास मिळतें. घाटाची भिंत केवढी उंच आहे हें त्या विजेवरून समजावें.

घाट उतरला कीं माणगांव, आणि तेथून दक्षिणेस महाड. महाडांत चवदार तळ्यापाशीं थांबल्याशिवाय पुढें जाऊं नये. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारों अनुयायी या तळ्याचें पाणी प्याले. ज्या पाण्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता त्यावर माणसांना होता, ही गोष्ट मुलांना पुस्तकापेक्षां त्या कांठावर उभें राहून लवकर कळते. मुक्काम रायगडच्या पायथ्याशीं पाचाड येथें करावा. तेथें जिजाबाईंची समाधि आहे; राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, जून १६७४ मध्येंच, त्यांनीं देह ठेवला.

चौथ्या दिवशींची सकाळ रायगडाची. घरांतील तरुणांनीं चित् दरवाज्यानें पायीं चढावें, वडील माणसांनीं हिरकणीवाडीहून रज्जुमार्गानें जावें. हा रज्जुमार्ग १९९६ पासून चालूं आहे आणि कांहीं मिनिटांत माथ्यावर पोंचवितो. परंतु माथ्यावर पोंचलें म्हणजे चालणें संपलें, असा समज करून घेऊं नये. राजसभेपासून बाजारपेठेंतून जगदीश्वराच्या देवळापर्यंत आणि त्यामागील समाधीपर्यंत बरेंच अंतर उन्हांत चालावें लागतें. काठी, टोपी आणि पाणी यांवांचून कोणीहि निघूं नये. ज्या सदरेवर ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला ती आणि ३ एप्रिल १६८० नंतर झालेली समाधि, या दोहोंमध्यें जें अंतर चालावें लागतें त्यांत सहा वर्षांचा इतिहास पायाखालून जातो. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. रायगड त्यांपैकीं एक. गर्दी अर्थातच वाढली आहे, म्हणून पहिल्या पाळण्यानें वर जाऊन उन्हें डोक्यावर येतांच उतरावें. दोन वाजतां निघालें म्हणजे म्हसळ्यावरून हरिहरेश्वरीं सूर्य बुडण्याच्या सुमारास पोंचतां येतें. यापेक्षां उशीर झाल्यास त्या वळणांवर अंधार गांठतो. अशा वेळीं माणगांवास राहावें, पण हट्ट करूं नये.

पांचवा दिवस ज्याच्यासाठीं सारा खटाटोप केला तो. आधीं काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि मग पुन्हा काळभैरव असा येथील दर्शनाचा क्रम आहे. आईला पायऱ्या झेपत नसतील तर तिनें प्रदक्षिणेचा आग्रह धरूं नये आणि इतरांनीं तिला भरीस घालूं नये. देवळापासून किनारा हाकेच्या अंतरावर आहे. मुलें-नातवंडें खडकावरून वळसा घालून येईपर्यंत तिला सावलींत बसून समुद्र पाहतां येतो, आणि पुष्कळ वृद्ध माणसांना नेमकें तेंच हवें असतें.

येथून श्रीवर्धन वीसएक किलोमीटर. नारळी-पोफळींच्या वाड्यांचें हें गांव पेशव्यांच्या भट घराण्याचें. देशमुखी त्यांची होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळें बाळाजी विश्वनाथास गांव सोडून घाटावर जावें लागलें, असें सांगितलें जातें. १७१३ मध्यें तोच शाहूचा पेशवा झाला, आणि त्याच्या मुलानें शनिवारवाडा बांधला. पाहुण्यांनीं पहिल्या दिवशीं जो वाडा पाहिला त्याची पहिली पायरी अशी या वाळूंत आहे. म्हणूनच शहर आधीं आणि समुद्र नंतर हा क्रम धरावा. उलट क्रमानें गेल्यास श्रीवर्धन हें केवळ एक सुंदर गांव वाटेल.

सहावा दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. श्रीवर्धनहून किनाऱ्याकिनाऱ्यानें शेखाडी, आरावीवरून जाणारा रस्ता दिवेआगरास पोंचवितो, आणि तेथें घरगुती राहण्याजेवण्याची सोय चांगली होते. मात्र जेवणारीं माणसें किती, मासे खाणारीं किती आणि उकडीचे मोदक हवेत काय, हें आदल्या दिवशीं कळवावें लागतें. कोंकणांतील गृहिणी पानें मोजून स्वयंपाक करते. या दिवशीं कांहीं पाहूं नये. आंखणी करणाराला असा रिकामा दिवस खुपतो आणि तो त्यांत महाबळेश्वर, गणपतिपुळें किंवा गोवा कोंबतो. तसें केल्यास आठ दिवसांपैकीं पांच मोटारींत जातात, आणि घरीं परतल्यावर कोणता समुद्र कोणता हें छायाचित्रांवरून ठरवावें लागतें.

सातव्या दिवशीं दिघीहून फेरीबोटीनें आगरदांडा गांठावा. मोटारीसकट माणसें राजपुरीची खाडी पार करतात, आणि रस्त्यानें पडणारा मोठा वळसा वांचतो. शेवटची बोट केव्हां सुटते याची चौकशी आदल्या रात्रींच करावी. पुढें राजपुरीहून शिडाच्या होडींतून जंजिरा. किल्ल्याचा दरवाजा होडी अगदीं जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीं. चोहोंकडे खारें पाणी, आणि आंत गोड्या पाण्याचा तलाव. या दोन गोष्टींवर सिद्दीचें राज्य टिकलें. शिवाजी, संभाजी, बाजीराव, सर्वांनीं या किल्ल्यासाठीं प्रयत्न केले. १६८९ मध्यें मोगलांच्या हातीं पडून पुढें सिद्दीकडे गेलेला रायगड १७३३ च्या मोहिमेंत मराठ्यांना परत मिळाला, पण जंजिरा मिळाला नाहीं. तें संस्थान विलीन झालें तें १९४८ मध्यें. होडींत चढतां-उतरतांना लाटेबरोबर होडी खालींवर होते. तेथें खलाशाचा हात धरण्यांत वडिलांनीं संकोच मानूं नये, आणि पाय लटपटत असतील तर किनाऱ्यावरूनच किल्ला पाहावा. तोहि तेथून उत्तम दिसतो.

ज्यांच्याजवळ स्वतःची मोटार नाहीं त्यांचें यांत कांहीं अडत नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एस्. टी. ची सेवा स्वारगेटहून महाड आणि श्रीवर्धन या दोन्हीं ठिकाणीं आहे, आणि कोंकण रेल्वेचें स्थानक माणगांवास आहे. एस्. टी. नें जाणाराला एक दिवस अधिक धरावा लागतो, एवढाच फरक. तो मोकळ्या ठेवलेल्या सहाव्या दिवसांतून काढावा.

परतीसाठीं मुरुडहून रेवदंडा, अलीबाग, पेण आणि खोपोलीवरून बोरघाट चढावा, म्हणजे गेलेला रस्ता पुन्हा पाहावा लागत नाहीं. रेवदंड्याशेजारचें चौल हें फार जुनें बंदर. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी येथें उतरला आणि सह्याद्रि चढून जुन्नरास गेला. पाऊस लागल्यामुळें त्याला तो सरेपर्यंत तेथेंच अडकून पडावें लागलें. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. नोव्हेंबरांत निघालेल्या पाहुण्यांवर ती वेळ येत नाहीं. आठव्या दिवशीं सकाळीं आठाला मुरुड सोडलें, वाटेंत पेणला जेवण केलें, तरी चारच्या चहाला मंडळी पुण्यांत असतात; आणि त्यांची नागपूरची गाडी रात्रींची असेल तर ओले कपडे वाळवून, वाळू झटकून पेट्या भरावयास तेवढा अवधि पुरतो.